लाइफ मॉडेलच्या कामासाठी फोटो काढायचे आहेत, जाणकारांनी सांगावं

खोखोवाली

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे, म्हणून आधी माझ्याबद्दल थोडं.

वय ४४, राहणार पुणे. गेली नऊ वर्षं चित्रकलेच्या वर्गांत मॉडेल म्हणून बसते. पहिली दोन वर्षं फक्त नऊवारीत, हेड स्टडीला, म्हणजे नुसत्या चेहऱ्याच्या चित्राला, आणि फुल फिगरला. मग लाइफला, म्हणजे बिनकपड्यांची, बसायला लागले. नवऱ्याला आणि मोठ्या जाऊबाईंना माहीत आहे. मुलगा अकरावीत आहे. त्याला कधी आणि कसं सांगायचं ते माझं मी बघेन, तो आजचा विषय नाही.

आजवर काम तोंडी मिळत गेलं. कॉलेजातल्या शिपाईमामांचा फोन यायचा, "सोमवारपासून पंधरा दिवस, दहा ते एक, येणार का?" की झालं. कुणी कधी फोटो मागितला नाही. सरांनी मला बघितलेलं असायचं किंवा दुसऱ्या सरांनी सांगितलेलं असायचं. आता दोन नव्या जागांहून विचारणा आली आहे. मुंबईत चित्रकारांचा एक गट दर रविवारी जमतो, तो एक. दुसरे गोव्यातले एक शिल्पकार, त्यांना मोठ्या कामासाठी महिनाभर मॉडेल हवी आहे. दोघांचाही निरोप एकच: पोर्टफोलिओ पाठवा.

फोटो माझ्याकडे अजिबात नाहीत असं नाही. गेल्या दिवाळीच्या आधी एका स्टुडिओत काढून घेतले होते, साठवलेले पैसे देऊन. तिथे गेल्यावर आधी तासभर मेकअप. मग केसांत गजरा, अंगाला तेल, मागे सोनेरी पडदा. फोटोग्राफर सारखा म्हणत होता, "मान अजून वर, ओठ थोडे उघडे, नजर इकडे." मी त्याला सांगितलं की वर्गात मी कधीच कुणाच्या नजरेला नजर देत नाही. भिंतीवरचा एक ठिपका धरते आणि तिथेच बघत राहते. तो म्हणाला, इथे वर्ग नाही. फोटो आले तेव्हा ती बाई मला ओळखू येईना. माझ्या डाव्या गुडघ्यावर एक जुना वण आहे, शाळेच्या मैदानावर खुंटाजवळ पडले होते तेव्हाचा. तो त्याने पुसून टाकला होता. पोटावरच्या बाळंतपणाच्या रेषाही पुसल्या होत्या. विद्यार्थी ज्या गोष्टी डोळे बारीक करून बघतात त्या सगळ्या गायब, आणि उरलं ते कॅलेंडर.

त्याहून वाईट म्हणजे त्यातला एक फोटो त्याने न विचारता स्वतःच्या पेजवर टाकला. पाठमोरा होता, चेहरा दिसत नव्हता, पण मला तो दिसला तेव्हा हातपाय गार पडले. नवरा आणि मी दोघं जाऊन भांडलो, तेव्हा काढला. तोवर तो किती जणांनी उतरवून घेतला असेल, देव जाणे.

तेव्हा आता विचारते. मॉडेलच्या कामासाठी फोटो हवेत तर ते कसे असावेत? सभ्य आणि नीटस फोटो म्हणजे नेमकं काय? "सभ्य" म्हणजे झाकलेले, असं मला वाटत नाही. सात वर्षं मी पूर्ण उघडी बसले आहे आणि वर्गात एक क्षणही असभ्य वाटलं नाही. गजरा माळून, पडदा पांघरून त्या स्टुडिओत मात्र वाटलं. म्हणजे फरक कपड्यात नाही, दुसऱ्या कशात तरी आहे, आणि तो फोटोत कसा आणायचा हे मला कळत नाही.

शिवाय चेहरा दाखवावा का? घरच्या मोबाइलवर काढले तर चालतील का? आणि पाठवायचे कसे, की पुन्हा तसलं काही होणार नाही?

शाळेत असताना जिल्ह्यापर्यंत खो-खो खेळले आहे, म्हणून हे नाव घेतलं.

जुना डाँकीवाला

ताई, ३४ वर्षं ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालो. ज्या लाकडी बाकावर घोड्यावर बसल्यासारखे पाय टाकून पोरं ड्रॉइंग काढतात त्याला आम्ही डाँकी म्हणतो. त्यावर माझं निम्मं आयुष्य गेलं, तेव्हा त्या बाकावरून काय दिसतं ते सांगतो.

तुम्ही तुमच्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच दिलं आहे, फक्त वेगळं काढून ठेवलं नाही. भिंतीवरचा ठिपका! वर्गातली मॉडेल कुणाकडे बघत नसते. ती पोझमध्ये असते, स्वतःच्या श्वासात असते. त्या फोटोग्राफरने तुम्हाला बघणाऱ्याकडे बघायला लावलं, तिथेच काम बदललं. म्हणून पहिली गोष्ट, नजर कॅमेऱ्यात नको. ठिपका धरा, वर्गात धरता तसाच.

मॉडेल निवडताना मी काय बघायचो? सुंदर आहे का, हे कधीच नाही. वजन कुठे पडलं आहे, ते बघायचो. उभ्या पोझमध्ये एका पायावर भार आला की त्या बाजूचं कंबरेचं हाड वर जातं, त्या बाजूचा खांदा खाली येतो, आणि कण्याला इंग्रजी एस अक्षरासारखा बाक येतो. तो बाक खरा असेल तर वीस मिनिटांनीही तिथेच असतो. खोटा असेल, नुसता फोटोपुरता काढलेला असेल, तर चौथ्या मिनिटाला मॉडेल डुलायला लागते. हे फोटोतही कळतं: पोटरी ताणलेली दिसते, टाच अर्धवट उचललेली असते, मानेच्या शिरा दिसतात. तेव्हा ज्या पोझ खरोखर धरता त्यांचेच फोटो काढा. एक उभी, एक खुर्चीत बसलेली, एक जमिनीवर, एक आडवी, एक पाठमोरी. आडवी पोझ पायाकडूनही काढा. तळवे पुढे आणि डोकं लांब, असं दिसलं की शरीर आखूड होतं आणि विद्यार्थ्यांना घाम फुटतो. त्या कोनातून स्थिर राहणारी मॉडेल सापडणं कठीण असतं, आणि शिल्पकार तर तोच फोटो आधी बघेल. हात आणि पावलं यांचा एकेक वेगळा फोटो ठेवा. पोझचे एक-दोन मिनिटांचे झटपट प्रकार येत असतील तर तेही.

वण आणि रेषा अजिबात पुसू नका. मी हे हात जोडून सांगतो आहे. गुडघ्यावरच्या वणामुळे गुडघ्याची वाटी कुठे वळते ते पोरांना सापडतं.

फोटो आणि मॉडेल यांचं नातं जुनं आहे. १८५४ साली पॅरिसमध्ये देलाक्रवा या चित्रकाराने द्युरियो नावाच्या छायाचित्रकाराकडून मॉडेलचे फोटो काढून घेतले आणि पुढे त्यांवरून रेखाटनं केली. ते फोटो आजही बघितले तर त्यात सजावट फारशी नाही. एक साधा पडदा, बसायला काहीतरी, आणि शरीराचं वजन. आपल्याकडे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं, पण नग्न मॉडेलवरून शिकवण्याचा वर्ग तिथे नीट बसला तो १९१९ च्या सुमारास ग्लॅडस्टन सॉलोमन हे चित्रकार तिथे आल्यावर. म्हणजे या महाराष्ट्रात हे काम शंभर वर्षांचं झालं. तुम्ही त्या ओळीत बसला आहात. कॅलेंडरवाल्या फोटोंनी मनाला लावून घेऊ नका.

सांजवात ७१

ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण आजच्या काळात असे फोटो काढूच नयेत असं माझं मत आहे. वर्गात बसणं वेगळं, तिथे चित्र होतं. फोटो एकदा बाहेर गेला की गेला. घरात मुलगा आहे.

उत्तर खिडकी

सांजवातताई, तुमची काळजी खरी आहे. पण फोटो पाठवल्याशिवाय काम मिळत नाही अशी वेळ आता आली आहे. तेव्हा कसे काढायचे आणि कुठे ठेवायचे हे शिकलेलं बरं.

मी ठाण्यात फोटोग्राफी करते, चित्रकारांची कामं जास्त. तीन मॉडेल्सचे असे फोटो काढले आहेत, दोन बायका आणि एक गृहस्थ. मोबाइलवर चालतात का, तर हो, उत्तम निघतात, पण मोबाइलच्या दोन खोडी आधी मोडाव्या लागतात.

पहिली खोड अंतराची. मोबाइलचा मुख्य कॅमेरा रुंद बघणारा असतो, त्यामुळे माणूस जवळ जातो. चार फुटांवरून बसलेल्या बाईचा फोटो काढला तर पुढे आलेला गुडघा डोक्याएवढा दिसतो. चित्रकाराला त्यातून काहीच प्रमाण कळत नाही. दहा-बारा फूट मागे जा, मग दोनपट झूम करा. खोली लहान असेल तर दार उघडून पॅसेजमध्ये उभं राहा. कॅमेऱ्याची उंची डाँकीवर बसलेल्याच्या डोळ्यांएवढी, म्हणजे जमिनीपासून साधारण साडेतीन-चार फूट. उभ्या माणसाच्या हातातून खाली वाकून काढलेला फोटो पाय आखूड करतो, आणि मॉडेलला चोरून बघितल्यासारखा दिसतो. नीटसपणा निम्मा इथेच जातो.

दुसरी खोड म्हणजे मोबाइल आपणहून कातडी गुळगुळीत करतो. सौंदर्याचं सेटिंग शून्यावर आणा, पोर्ट्रेट मोड वापरू नका. तो कानाच्या आणि बोटांच्या कडा धूसर करतो. आणि पडद्यावर बोट दाबून उजेड कुलूपबंद करा, मग थोडा कमी करा. अंगावरचा सर्वांत उजळ भाग पांढराफटक व्हायला नको. सावली काळी झाली तर हरकत नाही.

उजेड फक्त एका खिडकीतून. खोलीतले सगळे दिवे बंद, ट्यूबलाइट पण. खिडकीला पांढरा मलमलीचा पडदा किंवा जुनं पातळ धोतर लावा. मॉडेलची एक बाजू खिडकीकडे, दुसरी भिंतीकडे. भिंतीकडची सावली फारच गडद वाटली तर त्या बाजूला थर्माकोलची शीट धरा. उलट आकार ठळक हवा असेल तर त्याच जागी काळी चादर टांगा. समोरून उजेड, फ्लॅश हे दोन्ही नाही. समोरच्या उजेडात शरीर चपटं दिसतं, नुसती कातडी दिसते. बाजूच्या उजेडात हाडं आणि मांस दिसतं.

आता आपल्या इथली एक गंमत. सगळी पाश्चात्त्य पुस्तकं सांगतात, उत्तरेची खिडकी घ्या, तिथून ऊन कधीच येत नाही. पुण्यात ते वर्षभर खरं नाही. साधारण १४ मे ला पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो, पुन्हा जुलैच्या अखेरीला. मधल्या अडीच महिन्यांत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, तेव्हा उत्तरेच्या खिडकीतूनही ऊन डोकावतं. तुम्हाला आत्ता काढायचे आहेत, हिवाळ्यात, तर उत्तर खिडकी उत्तम. सकाळी दहा ते तीन उजेड हलत नाही.

फोटोच्या दिवशी सकाळपासून घट्ट काही घालू नका. नाडीचा वण, ब्रेसियरच्या पट्ट्या, मोज्यांचं इलॅस्टिक, हे उतरायला तास-दीड तास लागतो. सैल गाऊनमध्ये राहा. शिक्षकांनी सांगितलेले वण ठेवायचे, पण नाडीचा वण हा शरीराचा भाग नाही, तो चित्रकाराला चुकीची रेघ देतो. तेल, पावडर काहीच नको. मंगळसूत्र, घड्याळ, अंगठ्या काढून ठेवा. खोली गरम हवी, नाहीतर अंगावर काटा येतो आणि खांदे आपोआप वर जातात.

आणि सगळ्यात आधी करायची गोष्ट शेवटी लिहिते आहे: मोबाइलचा आपोआप बॅकअप बंद करा. नाहीतर हे फोटो काढल्या काढल्या घरच्या टीव्हीवर नाहीतर मुलाच्या टॅबवर उगवतात. माझ्या एका मॉडेलच्या घरी झालं आहे हे. लोकेशनही बंद ठेवा. फोटोच्या पोटात घराचा पत्ता जातो.

खोलीत तुमच्या भरवशाचं आणखी एक माणूस असू द्या. हे मी फोटोग्राफर असूनही सांगते, माझ्याकडे येणाऱ्यांनाही सांगते.

खोखोवाली

तुमचे सगळ्यांचे मनापासून आभार. सांजवातताई, तुमचंही. तुमच्यासारखाच विचार करून मी वर्षभर गप्प होते.

सर, तुम्ही वजनाबद्दल लिहिलंत ते वाचून उभी राहिले आणि आरशात बघितलं. उजव्या पायावर भार देते मी नेहमी, डाव्या गुडघ्यामुळे. इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

चेहऱ्याचं मात्र अजून कळलं नाही. नसलेला बरा, की नसला तर खोटं वाटेल? आणि गोव्याच्या शिल्पकारांना फोनवर पाठवूच नये का?

मिरजेचा अण्णा

मी पुरुष मॉडेल, वय ६१. मिरज, सांगली, कोल्हापूर या भागात बसतो. आधी तालमीत होतो, मग गुडघे गेले आणि या कामाला लागलो. मला बसवतात ते खांद्यांसाठी आणि आता सुटलेल्या पोटासाठीही.

बाई, तुम्ही फोटोच धरून बसला आहात. माझा पोर्टफोलिओ अर्धा ड्रॉइंगचा आहे. वर्ग संपला की ज्या पोराचं काम मला आवडलं त्याला विचारतो, "तुझ्या या ड्रॉइंगचा फोटो घेऊ का, कामासाठी दाखवायला?" आजवर एकानेही नाही म्हटलं नाही, उलट पोरं खूश होतात. खाली त्याचं नाव लिहितो. नव्या माणसाला पहिल्यांदा तेच पाठवतो. त्यात कोळशातली उभी पोझ आहे, मातीतला एक धड आहे, पेनाने केलेली दोन मिनिटांची वीस स्केचेस एका पानावर आहेत. बघणाऱ्याला दोन गोष्टी कळतात: हा माणूस हलत नाही, आणि याच्यावरून चांगलं काम होतं. ते चित्र कुठेही गेलं तरी मला काही होत नाही.

फोटोंचे मी दोन ढीग केले आहेत. कपड्यातले, म्हणजे लंगोटावरचे आणि धोतरावरचे, फोनवर पाठवतो. तुम्ही घट्ट काळ्या कपड्यात काढा, कसरतीचे असतात तसे, त्यात पोझ पूर्ण कळते. चेहरा त्यातच द्या. बिनकपड्यांचे फोटो मी फोनवर कुणालाच पाठवत नाही, कितीही मोठा कलाकार असो. ते कागदावर आहेत, अल्बममध्ये. समोर बसून दाखवतो आणि परत घेऊन येतो. प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलं आहे: ही पोझ २० मिनिटं तीन वेळा, मध्ये ५ मिनिटं. ही १० मिनिटांच्या वर नाही, डावा हात बधिर होतो. हे लिहिलेलं बघून कोल्हापूरच्या एका शिल्पकाराने तिथल्या तिथे मला दोन महिन्यांचं काम दिलं. म्हणाला, पहिल्यांदा कुणीतरी खरं सांगितलं.

पोझ मोडण्याआधी पावलांभोवती खडूची खूण करतात ना, ती पुसू नका. फोटोत राहू द्या. बघणाऱ्याला एका क्षणात कळतं की ही वर्गातली आहे.

कलम सतरा

मी वकिली करते. फोटोग्राफरबद्दल ताईंनी जे लिहिलं आहे त्यावर थोडं, कारण हे बहुतेकांना माहीत नसतं.

कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याचं कलम १७. पैसे देऊन आपण कुणाकडून फोटो काढून घेतला आणि वेगळं काही लिहून दिलेलं नसेल, तर त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे ताई, ते फोटो तुमचे होते. त्याला ते पेजवर टाकण्याचा अधिकार नव्हता. पण फुकट काढले, "तुम्ही वेळ द्या, मी फोटो देतो" असं ठरलं, तर मालक फोटोग्राफर. म्हणून थोडे का होईना, पैसे द्या आणि पावती घ्या. आणि एक साधा कागद करा, मराठीत चालतो: फोटो कशासाठी काढले, कुणाला दाखवायचे, फोटोग्राफरने स्वतःकडे प्रत ठेवायची की नाही, एआयसाठी किंवा प्रसिद्धीसाठी वापरायचे नाहीत. दोघांच्या सह्या.

दुसरं. स्त्रीने फोटो काढायला संमती दिली म्हणजे पसरवायला दिली असं होत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७, १ जुलै २०२४ पासून लागू, हे स्पष्टपणे सांगतं. अशा खासगी फोटोला काढण्यापुरती संमती होती आणि तो तिसऱ्यापर्यंत गेला, तर तो गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई पण आहे, ते पुरुषांनाही लागू होतं, अण्णांनी लक्षात ठेवावं.

नग्न फोटो म्हणजे आपोआप अश्लील, असंही कायदा म्हणत नाही. २०१४ साली अवीक सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चित्र संपूर्ण संदर्भात आणि आजच्या समाजाच्या कसोटीवर बघायचं. त्याच्याही आधी, १९५४ साली जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रकार अकबर पदमसींची दोन चित्रं पोलिसांनी उतरवायला सांगितली. त्यांनी नकार दिला, खटला झाला, आणि ते निर्दोष सुटले. हा इतिहास सांगते तो धीर यावा म्हणून. पण पोलीस ठाण्यातल्या टेबलापलीकडे हे समजावत बसायची वेळ येऊ नये, म्हणून अण्णांचे दोन ढीग मला फार आवडले.

जुन्या फोटोची धास्ती असेल तर "स्टॉप एनसीआयआय" नावाची सोय आहे. त्यात फोटो कुठे पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्याचा एक आकडी ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो. कुणी तो फोटो त्यांच्याकडे टाकायला गेलं तर अडतो.

खोखोवाली

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. फोटो झाले.

उत्तर खिडकीताईंनाच बोलावणार होते, पण ठाण्याहून येण्याजाण्याचा त्यांचा दिवस मोडला असता. शेवटी कॉलेजातली एक जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः शिकवते, तिने काढले. माझं ड्रॉइंग तिने चार वर्षं केलं आहे, तेव्हा मी कुठे थकते ते तिला माझ्याआधी कळतं. तिला पैसे दिले. ती घेत नव्हती, कलम १७ सांगून दिले. कागद केला, दोघींनी सह्या केल्या. मोबाइल तिचा नाही, माझाच, विमानाच्या खुणेवर टाकून.

जागा जाऊबाईंची गच्चीवरची खोली. तिथे उत्तरेला एक उंच खिडकी आहे. पडद्याला सासऱ्यांचं जुनं धोतर लावलं. जाऊबाई थर्माकोल धरायला उभ्या राहिल्या. त्यांनी मला असं कधी बघितलं नव्हतं. पहिली पाच मिनिटं त्या खिडकीबाहेरच बघत होत्या. मग मी उभी पोझ घेतली, ठिपका धरला, बारा मिनिटं झाली, आणि त्या हळूच म्हणाल्या, "अगं, तू श्वास तरी घेतेस का?" तेव्हापासून त्यांच्यातला संकोच गेला. नंतर नंतर त्याच सांगायला लागल्या, सावली पोटावर जास्त पडते आहे, शीट वर घेऊ का?

गाऊन सकाळी सातपासून घातला होता, तरी कंबरेवरची नाडीची खूण साडेनऊपर्यंत पुसटशी होती. दहाला सुरुवात केली. खोलीत हीटर होता. चहा दोनदा झाला.

पहिले पंधरा फोटो वाया गेले, कारण मी फोटो काढला जातो आहे हे विसरत नव्हते. हनुवटी आपोआप वर जात होती, त्या स्टुडिओतल्यासारखी. मग तिने एक युक्ती केली. मोबाइल स्टँडवर लावून ठेवला, दर मिनिटाला आपोआप फोटो घे असं सांगून, आणि स्वतः स्केचबुक घेऊन समोर बसली. पेन्सिलीचा आवाज आला आणि माझं अंग जागेवर आलं. सगळे कामाचे फोटो त्यानंतरचे आहेत.

एकूण सत्तर-ऐंशी काढले. त्यातले चौदा ठेवले, बाकीचे त्याच खोलीत बसून पुसले, कचऱ्याच्या पेटीतूनही पुसले. आडवी पोझ पायाकडून जमली आहे. पावलांचा फोटो मला सगळ्यांत आवडला, टाचेच्या भेगा धरून. चेहरा काळ्या कपड्यातल्या चार फोटोंत आहे, बाकी कुठे नाही. जमिनीवरच्या पोझमध्ये खडूची खूण दिसते. अण्णा, ती मुद्दाम ठेवली.

छपाईचं अडलं होतं, दुकानात कुणाच्या हातात द्यायची? शेवटी त्या विद्यार्थिनीकडे घरी छोटा प्रिंटर आहे, त्यावर मॅट कागदावर काढले. मोठे नाहीत, पण समोर धरून बघायला पुरतात. प्रत्येकाच्या मागे वेळ लिहिते आहे. उभी पोझ २५ मिनिटं असं लिहिलं होतं, मग खोडून २० केलं.

गोव्याच्या शिल्पकारांना ड्रॉइंगचे सहा आणि काळ्या कपड्यातले चार पाठवले. बाकीचे समोर दाखवेन असं कळवलं. त्यांचा फोन आला. पहिला प्रश्न गुडघ्याचा होता, वण कशाचा? मी सांगितलं. म्हणाले, तोच पाय पुढे असलेली बैठक हवी आहे. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जाऊबाई आणि मी जाणार आहोत, अल्बम घेऊन. मुंबईच्या गटाने अजून उत्तर दिलेलं नाही.

एक फोटो उकिडव्या बैठकीचा आहे. खो-खोच्या पाटीत बसल्यासारखी मी, हात जमिनीला, मान उजवीकडे वळलेली, सगळा भार पंजांवर. ही पोझ मी कुठल्याच वर्गात दिली नव्हती, कुणी मागितली नाही. मागे लिहिलं आहे, ७ मिनिटं. जाऊबाईंनी तो हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "पाठीवर खो बसायची वाट बघते आहेस."